दहावी ‘ब’चं पान : एका वर्गाच्या संकेतस्थळाचा प्रकरण अभ्यास

डिसेंबरात पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक लागलं तेव्हा दहावी ‘ब’च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या तीन आवृत्त्या फिरत होत्या. पहिली कार्यालयातून आलेली. दुसरी दोन पेपर पुढेमागे झाल्यावरची. तिसरी म्हणजे कुणा पालकाने पहिल्या आवृत्तीच्या प्रिंटवर पेनाने खाडाखोड करून काढलेला फोटो. व्हायचं तेच झालं. गणिताचे दोन पेपर असतात, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, ४० गुणांचा एकेक. पाच-सहा मुलं वर्तुळाची प्रमेयं पाठ करून आली आणि हातात वर्गसमीकरणं पडली.

दुसऱ्या दिवशी एक पालक मोबाईल घेऊन स्टाफरूममध्ये आले. आवाज चढलेला नव्हता, पण राग दिसत होता. “मॅडम, हे बघा. तुम्हीच टाकलंय ग्रुपवर.” आणि ते खरंच होतं. मेसेज वर्गशिक्षिकेचाच होता, फक्त जुना होता. नवा मेसेज त्याच्या खाली, वाढदिवसाच्या शुभेच्छा, एका लग्नाची पत्रिका आणि सुप्रभातच्या पाच-सात फुलांच्या पलीकडे होता.

हे प्रकरण त्या मॅडमचं आणि त्यांनी पुढे वर्गासाठी उभ्या केलेल्या संकेतस्थळाचं आहे. त्या विज्ञान शिकवतात, मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं आणि त्यातली निम्मी तरी आजूबाजूच्या वाड्यांवरून एसटीने येणारी. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कुणाचं कौतुक करण्यासाठी हे लिहिलेलं नाही, आणि संबंधितांनाही ते नकोच आहे.

ग्रुप असताना आणखी काय हवं होतं?

हा प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारला होता आणि तो रास्त होता. ग्रुप फुकट आहे, सगळ्यांना वापरता येतो, आणि २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्याच्याच जोरावर आम्ही तगलो. पण ग्रुपचा जो धडा मॅडमनी घेतला तोही त्याच काळातला. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. मधल्या काळात ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुठून तरी ‘नवी तारीख’ यायची. मुलं अभ्यासाला बसायची, उठायची, परत बसायची. खरं काय हे बघायला जायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

राज्य मंडळ दर वर्षी वेळापत्रकासोबत एक सूचना देतं: शाळेला छापील स्वरूपात मिळालेलं वेळापत्रकच अंतिम, खासगी क्लासवाल्यांनी छापलेलं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं धरू नका. दहावीच्या एवढ्या मोठ्या परीक्षेत मंडळाला हे दर वर्षी सांगावं लागतं, मग एका वर्गाच्या चाचणीचं काय घेऊन बसायचं?

ग्रुपच्या अडचणी नीट पाहिल्या तर तीन होत्या. पहिली, नवं आलं की जुनं गडप. ज्याला मागचं हवं त्याने बोट दुखेपर्यंत वर सरकवायचं. दुसरी, जुनं आणि नवं दिसायला सारखंच. चुकीची सूचना मागे घेतली तरी पुढे गेलेल्या प्रती फिरतच राहतात. तिसरी अडचण आमच्याकडची खास: फोन मुलाचा नसतो. तो वडिलांचा असतो आणि सकाळी सहाला वडिलांबरोबर दुधाच्या गाडीवर, कारखान्यावर नाहीतर मार्केट यार्डात निघून जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्यावर शंभरेक मेसेज साठलेले असतात आणि त्या दिवसाचा डेटा बराचसा संपलेला असतो. मुलाच्या वाट्याला तो फोन येतो जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळात त्याला एकच गोष्ट कळायला हवी असते: उद्या काय आहे?

ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ करून पाहिला होता. फुलं थांबली, पहिल्या दोन अडचणी तशाच राहिल्या. गूगल क्लासरूमही लॉकडाऊनमध्ये वापरून झालं होतं. त्यात गृहपाठ जमा करता येतो, तपासता येतो, सगळं छान आहे. पण प्रत्येक मुलाचं खातं लागतं. वडिलांच्या फोनवर वडिलांचं खातं, त्यात मुलाचं दुसरं, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर आणि वही दप्तरात सापडत नाही. ज्या शाळेत मुलांना स्वतःची टॅब किंवा संगणक-खोली मिळते तिथे क्लासरूम उत्तमच. आमच्याकडे लॉगिन हीच भिंत होती.

म्हणून गूगल साईट्स, म्हणजे साधं संकेतस्थळ बनवायची गूगलची सोय. जीमेल असलं की फुकट बनते, बघणाऱ्याला खातं लागत नाही, दुवा दाबला की पान उघडतं, आणि फोनच्या पडद्याप्रमाणे ते आपोआप जुळवून घेतं. सर्च इंजिनांना हे पान दाखवू नका अशी विनंती करण्याची सोय प्रकाशनाच्या सेटिंगमध्ये असते, तीही मॅडमनी सुरुवातीलाच चालू केली.

पहिला आराखडा आणि त्याची छाटणी

पहिला आराखडा आमच्या संगणकाच्या सरांनी हौसेने केला. वर शाळेच्या इमारतीचा मोठा फोटो. मेन्यूत मुखपृष्ठ, शाळेचा इतिहास, मुख्याध्यापकांचे मनोगत, फोटो दालन, सुविचार, संपर्क. गृहपाठ ‘विद्यार्थी कट्टा’ नावाच्या भागात, त्यातही विषयवार वेगवेगळ्या पानांवर. दिसायला झकास होतं. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना दाखवायला अगदी योग्य.

मॅडमनी ते वर्गातल्या दोन मुलांच्या हातात दिलं आणि सोमवारचा विज्ञानाचा गृहपाठ शोधायला सांगितलं. फोनवर मेन्यू तीन आडव्या रेघांच्या मागे लपतो. एका मुलाला त्या रेघा दाबायच्या असतात हेच माहीत नव्हतं. दुसरीने दाबल्या, ‘मुख्याध्यापकांचे मनोगत’पर्यंत गेली आणि फोन परत केला.

त्या संध्याकाळी सगळं काढून टाकलं. राहिलं एक पान. फोटो नाही, मेन्यू नाही. सर्वात वर शेवटचा बदल कधी केला ती ओळ, तिच्याखाली ‘या आठवड्यात’, मग ‘पुढच्या तारखा’, मग ‘नोट्स आणि सराव’. एवढंच. एका आठवड्याचं पान साधारण असं दिसायचं:

*शेवटचा बदल : शुक्रवार, सायंकाळी ६*
*सोमवार : विज्ञान १, भिंगे, सरावाचं उदाहरण ३ आणि ४ वहीत.*
*बुधवार : जलसुरक्षा प्रकल्पाची वही जमा. मुखपृष्ठ नको, सजावटीला गुण नाहीत.*
*शुक्रवार : भूमिती, वर्तुळ, २० गुणांची चाचणी.*
*शनिवार : सकाळची शाळा. बोर्डाच्या यादीत स्वतःचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तपासून सही करायची आहे. आधार कार्डाची प्रत आणा.*

‘सजावटीला गुण नाहीत’ या ओळीवर काही पालकांनी फोन करून आभार मानले. रात्री अकराला स्केचपेन शोधत फिरावं लागलं नाही म्हणून.

एकच नियम, जो खूप जणांना टोचला

पान तयार झाल्यावर ग्रुप बंद केला नाही. पण मॅडमनी ठरवलं की ग्रुपवर माहिती टाकायची नाही. पान बदललं की ग्रुपवर एकच ओळ जायची: ‘दहावी ब चं पान बदललं आहे’ आणि खाली दुवा. तारीख नाही, विषय नाही, काही नाही.

पालक वैतागले. “मॅडम, दोन ओळी तर आहेत, मेसेजमध्येच लिहा की. कशाला आणखी एक ठिकाण उघडायला लावताय?” मलाही सुरुवातीला हा हट्टीपणा वाटला होता. पण मेसेजमध्ये तारीख लिहिली की ती तारीख पुढे जाते, आणि ती बदलली की पुढे गेलेली प्रत बदलत नाही. पूर्वपरीक्षेत जे झालं ते यातूनच. दुवा मात्र कितीही पुढे पाठवा, उघडेल तेव्हा ताजंच दिसेल. एसटी स्टँडवर कंट्रोलर माईकवरून ओरडतो आणि शेजारी भिंतीवर वेळापत्रकाचा फलक असतो. ग्रुपला मॅडमनी माईक ठेवलं आणि पानाला फलक. दोन्ही लागतात, पण गाडीची वेळ फलकावरच बघायची.

सवय लागायला दिवाळीपर्यंतचा काळ गेला. रविवारी रात्री मॅडमना येणारे ‘उद्या काय आहे’ छापाचे फोन तोवर जवळपास थांबले होते. जे येत होते त्यांना मॅडम फोनवर उत्तर देत नव्हत्या, “पान बघा, मी लाईनवर थांबते” म्हणत होत्या. हे मात्र मला कठोर वाटायचं आणि अजून वाटतं.

या नियमाला एक अपवाद करावा लागला. जुलैत अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी रात्री उशिरा जाहीर करतात. तेव्हा पान बदलून, मग मुलांनी उघडून, हे चालत नाही. अशा वेळी मूळ आदेश थेट ग्रुपवर जातो आणि पान दुसऱ्या दिवशी सावकाश बदलतं.

बिघाड कुठे कुठे होतात

ज्यांना असं पान करायचं आहे त्यांच्यासाठी हा भाग थोडा सविस्तर. तंत्र अवघड नाही, पण अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत.

साईट्समध्ये केलेला बदल ‘प्रकाशित’ बटण दाबेपर्यंत बाहेर दिसत नाही. शिक्षकाला स्वतःच्या पडद्यावर नवं दिसतं, मुलांना जुनंच. हे लक्षात न आल्यामुळे अनेक जण सुरुवातीलाच ‘साईट चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

दुसरं, ही साईट फोनवरून संपादित करणं फार कटकटीचं आहे, त्यासाठी संगणकच बरा. मॅडमकडे घरी संगणक नव्हता. त्यांनी उपाय असा काढला: रोज बदलणारा मजकूर गूगल डॉक्सच्या एका फाईलमध्ये ठेवायचा, ती फाईल ‘वेबवर प्रकाशित करा’ने प्रकाशित करायची आणि साईटवर तिचं एक मोठं बटण द्यायचं. मग एसटीत बसूनसुद्धा फोनवरून डॉक बदलला की काही मिनिटांत मुलांना नवा मजकूर दिसतो. साईटला हात लावायची गरजच नाही.

तिसरं, ड्राइव्हवरच्या नोट्स. फाईल ‘दुवा असलेल्या कुणालाही पाहता येईल’ अशी केली नाही तर मुलाला ‘परवानगी हवी’ अशी पाटी दिसते, आणि मूल ती विनंती पाठवतं. पहिल्या आठवड्यात मॅडमची मेलपेटी अशा विनंत्यांनी भरली होती. आता मॅडम पूर्ण फोल्डरलाच तशी परवानगी देतात आणि त्यात फक्त मुलांना द्यायच्याच फाईली ठेवतात. स्वतःच्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या फोल्डरमध्ये. ही वेगळी कपाटं आधीच केलेली बरी.

चौथं, वजन. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले वहीचे दहा फोटो जोडून केलेली पीडीएफ सहज वीस-तीस एमबीची होते. तोच मजकूर टाइप केला तर त्याचं वजन नगण्य. शिवाय टाइप केलेला मजकूर दोन बोटांनी मोठा करता येतो, त्यात शोधता येतं. वर्गात एका मुलीची नजर अधू आहे. तिला फळ्याचे फोटो कधीच वाचता आले नव्हते.

आणि टाइप करायचं म्हणजे युनिकोडमध्ये, कुठल्याही फोनवर अक्षरं तशीच दिसतात त्या पद्धतीत. आमच्या कार्यालयातले भाऊसाहेब वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये परिपत्रकं काढत होते. प्रिंट सुरेख यायची. तोच मजकूर पानावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता भुगा. मॅडमनी वाद घातला नाही. फोनवर जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, मराठी बोलून दाखवलं, अक्षरं उमटताना भाऊसाहेबांनी पाहिली, आणि पुढच्या महिन्यापासून निम्मी परिपत्रकं तशीच येऊ लागली. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला शुक्रवारी पाच वाजता माझ्याकडे. ही नेमणूक मला कुणी विचारून केलेली नाही.

उत्तरं द्यायची की नाही

माहिती देणं म्हणजे तारखा देणं एवढंच असतं तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. खरी रंगत ‘नोट्स आणि सराव’मध्ये आहे.

सुरुवातीला मॅडम गृहपाठाची उत्तरं त्याच दिवशी पानावर टाकायच्या. हेतू चांगला होता: अडलं तर बघता यावं. आठवडाभरात वह्या तपासताना सगळ्यांची उत्तरं एकसारखी, अगदी खोडलेल्या पायऱ्यांपर्यंत. मग उत्तरं दोन दिवसांनी टाकायला सुरुवात केली. नक्कल थांबली, पण अडलेली मुलंही थांबली. ती उदाहरण कोरं ठेवून यायची.

तेव्हा त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या उपक्रमातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. उत्तराऐवजी चुका टाकल्या.

‘भिंगे’ या प्रकरणातलं साधं उदाहरण घ्या. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेमी, वस्तू भिंगापासून २० सेमीवर, तर प्रतिमा कुठे? सूत्र १/व्ही − १/यू = १/एफ (व्ही प्रतिमेचं आणि यू वस्तूचं भिंगापासूनचं अंतर, एफ नाभीय अंतर). कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार वस्तू डावीकडे म्हणून यू = −२०. उत्तर येतं २० सेमी, भिंगाच्या दुसऱ्या बाजूला, उलटी आणि वस्तूएवढीच प्रतिमा. आता ज्याने यूचं ऋण चिन्ह विसरून अधिक २० घेतलं त्याचं उत्तर येतं ६.६७. वर्षानुवर्षं वह्यांत हाच आकडा दिसतो. म्हणून पानावर लिहिलं (एफ१ ही वस्तूच्या बाजूची नाभी, २एफ१ तिच्या दुप्पट अंतरावरचा बिंदू):

*उदाहरण ३. उत्तर ६.६७ आलं असेल तर यूचं चिन्ह बघा. उत्तर बरोबर पण प्रतिमा सुलटी लिहिली असेल तर किरणाकृती काढून बघा, वस्तू २एफ१ वर आहे.*

मुलगा रात्री साडेनऊला वडिलांच्या फोनवर हे वाचतो, वहीत ६.६७ दिसतं, आणि स्वतःच खोडतो. नक्कल करायला काही नाही, कारण बरोबर उत्तर दिलेलंच नाही. हे लिहायला शिक्षकाला चुका माहीत असाव्या लागतात, आणि त्या फक्त वह्या तपासणाऱ्यालाच माहीत असतात. बाजारातली कुठलीही गाईड हे देऊ शकत नाही.

किरणाकृतींचंही तसंच. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तूची सहा स्थानं: अनंत अंतरावर, २एफ१च्या पलीकडे, २एफ१वर, एफ१ आणि २एफ१च्या मध्ये, एफ१वर, आणि एफ१ व भिंगाच्या मध्ये. मॅडमनी सहा आकृत्या पट्टीने काढून टाकल्या, पण प्रत्येकीत दुसरा किरण काढलाच नाही. तो मुलांनी वहीत पुरा करायचा.

स्वतः रेकॉर्ड केलेले वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ मात्र कुणी पाहिले नाहीत. पाहिले ते तीन मिनिटांचे, तेही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. पुढे त्यांनी व्हिडिओ करणंच सोडलं आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा पान क्रमांक द्यायला लागल्या. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले हे कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचाशी जोडलेले आहेत, आणि दीक्षा २०१७ पासून आहे. पुस्तकात क्यूआर कोड चिकटवण्याचा प्रयोग माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला होता, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राईझ मिळाला. हा प्रयोग राज्यभर पसरला, पण अनेक वर्गांत तो काळा-पांढरा चौकोन अजून नुसता चौकोनच असतो. ‘पान अमुकवरचा कोड, पहिली चार मिनिटं बघा’ असं शिक्षकाने सांगितलं की तो उघडला जातो.

दोन नकार

मुख्याध्यापकांची इच्छा होती की घटक चाचणीचे गुण पानावर लावावेत. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने म्हणे लावले होते. मॅडमनी नाही म्हटलं. नाव काढून फक्त हजेरी क्रमांक टाकू, हा मधला मार्गही त्यांनी मानला नाही, कारण वर्गात कुणाचा क्रमांक कुणाला माहीत नसतो? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूलच धरलेला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, हे त्यांनी बैठकीत सांगितलं. मुख्याध्यापकांना पटलं ते मात्र दुसऱ्याच मुद्द्याने. नापास मुलाच्या गुणांचा स्क्रीनशॉट भावकीच्या ग्रुपवर गेला तर शाळेच्या दारात कोण येईल, असं मॅडमनी विचारलं. गुण कागदावर, हातात, पूर्वीसारखेच दिले जातात. मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावंही पानावर नसतात.

दुसरा नकार गाईडना. काही मुलांनी आणि एका सहकाऱ्यानेही एका प्रकाशनाच्या प्रश्नसंचाची पानं स्कॅन करून टाकायला सांगितली. स्टाफरूममध्ये यावर चांगलीच जुंपली. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षणासाठीच्या झेरॉक्सच्या बाजूने निकाल दिला होता, तो एका सरांनी पुढे केला. निकाल खरा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात अध्यापनासाठी सवलत आहेच. पण वर्गातल्या मुलांसाठी काढलेल्या झेरॉक्स वेगळ्या आणि जगातल्या कुणालाही उघडता येणाऱ्या पानावर पुस्तक टांगणं वेगळं, असं मॅडमचं म्हणणं. मी त्यांच्या बाजूचा. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे मोफत मिळतात, त्यांचा दुवा दिला की झालं. बाकी प्रश्न स्वतः काढायचे. दहावीला शिकवणाऱ्याला ते जड नसावं.

ज्यांच्या घरी फोन पोचतच नाही

वर्गात अशी चार-पाच घरं होती. एकाच्या घरी साधा बटणांचा फोन, दोघांचे पालक ऊसतोडीला बाहेर, एकीच्या घरी फोन होता पण तिच्या हातात तो कुणी देत नव्हतं. हे शेवटचं कारण पालकसभेत कुणी उच्चारत नाही, पण असतं.

त्यासाठी शनिवारी सकाळी पानाची एक प्रिंट वर्गाच्या दारावर लागते. आतला मजकूर तोच, शेवटच्या बदलाची ओळसुद्धा तीच, म्हणजे कागद ताजा की शिळा हे कळतं. खाली क्यूआर कोड. हे मॅडमनी केलं. दुसरी सोय मुलांनी आपापसात केली आणि ती जास्त चालली. सकाळच्या एसटीत मागच्या बाकावर एक मुलगा पान मोठ्याने वाचतो आणि बाकीचे वहीत टिपतात. कंडक्टरलाही आता दहावी ‘ब’ची चाचणी कधी हे ठाऊक असतं. ज्या वाडीची एसटी वेगळी, तिथली मुलं दारावरचा कागद उतरवून घेतात.

शंका विचारण्यासाठी गूगल फॉर्म ठेवला होता, तो फसला. निनावी असल्यामुळे पहिल्या आठवड्यात सिनेमातल्या नट-नट्यांच्या नावाने भलत्याच शंका आल्या. नाव सक्तीचं केलं तर एकही आली नाही. फॉर्म काढून टाकला. शंका वर्गातच विचारल्या जातात, दारापाशी, घंटा झाल्यावर.

पुढच्या वर्षी मॅडमकडे पुन्हा दहावी आली तेव्हा जुनं पान पुसून तेच वापरायचं की नवं करायचं, हा प्रश्न होता. नवं केलं. जुन्या दुव्यावर फक्त ‘हे पान मागच्या वर्षीचं आहे’ एवढी ओळ आणि नव्याचा दुवा ठेवला. साईट मॅडमच्या खासगी जीमेलवरून वर्गासाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यावर हलवली, पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे दिला. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल बंद करू शकतं. उद्या मॅडम बदलून गेल्या तर सहा किरणाकृतीही त्यांच्याबरोबर जायला नकोत.

त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेत वेळापत्रक दोनदा बदललं. बीजगणिताला सगळे बीजगणितच वाचून आले.

आता अडलंय कुठे

पान चालतंय हे पाहून गणिताच्या सरांनी स्वतःचं सुरू केलं. प्रमेयांच्या सिद्धता पायरीपायरीने, रंगीत, फार कष्टाने केलेल्या. मग हिंदीच्या मॅडमचं आलं. दिवाळीपर्यंत दहावीच्या मुलांकडे पाच दुवे झाले आणि ग्रुपवर ‘पान बदललं आहे’ असा मेसेज आला की मुलं विचारू लागली, “कुठलं?”

शिक्षकसभेत यावर बराच वेळ गेला. ठरलं ते असं: प्रत्येक वर्गाचं एकच पान. विषयशिक्षकांनी शुक्रवारी चारपर्यंत आपला मजकूर वर्गाच्या डॉकमध्ये आपल्या विषयासमोर लिहायचा. चारनंतर आलेला मजकूर पुढच्या आठवड्यात. गणिताच्या सरांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, सिद्धता दोन ओळींत मावत नाहीत, आणि ते खरंच आहे. त्यांचं पान आता ‘भूमिती’समोरचा दुवा म्हणून राहिलं आहे, तारखा मात्र त्यावर लिहायच्या नाहीत असं त्यांनी कबूल केलंय. इंग्रजीच्या मॅडम अजून कागदावरच लिहून देतात. तो मजकूर वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत कार्यालयातल्या संगणकावर टाइप करते, वर्गशिक्षिका वाचतात आणि मग तो डॉकमध्ये जातो. नववीच्या वर्गशिक्षकांनी जूनपासून हेच करायचं म्हटलंय; त्यांच्याकडे सहा विषयशिक्षकांपैकी दोघांचं जीमेल अजून उघडायचं आहे.